वाट दाखवणारा माणूस : फ्रँक पिक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. आईला अक्षरओळख नाही. पण तालुक्याच्या स्टँडवर आईची गाडी चुकली, असे मला एकदाही आठवत नाही. लाल रंगाची ती एस.टी., एवढे तिला पक्के ठाऊक. बाहेर खाजगी जीपवाले कितीही हाका मारोत, ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. लाल गाडी दिसली की तिच्या जिवात जीव येतो. मग गाडी कुठल्या गावची, हे ती कंडक्टरला विचारून घेते. ज्याला वाचता येत नाही त्याला रंग हीच लिपी असते, हे मी तिच्याकडे पाहून शिकले.

मला वाचता येत असूनही मी मात्र वाट चुकले. गेल्या वर्षी प्रथम वर्षाला असताना विद्यार्थी साहाय्य निधीचा अर्ज कॉलेजच्या साइटवर भरावयाचा आहे, असे कानावर आले. वडिलांचा मोबाइल घेऊन मी रात्री बसले. पहिले पान हिरवे, वर आपल्या कॉलेजचे बोधचिन्ह. तेथून एका विभागाचे पान उघडले, ते निळे. तेथून अर्जाचे पान उघडले, तर ते जांभळे! अक्षरे निराळी, बोधचिन्हाचा पत्ता नाही आणि वर बँकेच्या खात्याचा क्रमांक मागितलेला. फसवणुकीच्या गोष्टी गावात रोज ऐकलेल्या. हे आपल्या कॉलेजचे पान नव्हे, अशी माझी खात्री झाली आणि मी ते बंद केले. दुसऱ्या दिवशी कोणाला विचारावे, तर लाज वाटली. सगळ्यांना येते आणि आपल्यालाच येत नाही, असे दिसेल! मुदत टळली. दुसऱ्या सत्राची फी भरण्यासाठी आईने बचत गटातून कर्ज काढले. ते पान आपल्याच कॉलेजचे होते, हे मला दिवाळीनंतर कळले.

यंदा संगणक समितीच्या सरांनी ही सारी पाने एकसारखी करण्याचे काम आम्हां पाच विद्यार्थ्यांना दिले, तेव्हा मी आपण होऊन नाव घातले. आपल्या कॉलेजची पाने शेअरपॉइंट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. अनेकांनी मिळून काम करावे, एकमेकांचे कागद पाहावे, यासाठी ते असते. त्यात एक मुख्य साइट असते आणि तिच्या पोटात विभागांच्या उपसाइट असतात. मुख्य साइटला एकदा थीम दिली, म्हणजे रंग व अक्षर ठरवून दिले, की उपसाइटनी ती वारशाने घ्यावी अशी सोय त्यात करता येते. घराण्याचे आडनाव मुलांना मिळते, तसे. पण वारसा तोडण्याचीही मुभा असते. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक विभागाने तो तोडला होता!

पहिल्याच बैठकीत वाद झाला. आमचा रंग आमचा, असे एका विभागाचे म्हणणे. एकसारखेपणा म्हणजे तुरुंगातील कपडे, असे दुसऱ्याचे. मला उत्तर देता येईना. बैठक संपल्यावर सरांनी मला एका माणसाचे चरित्र वाचावयास सांगितले. त्या माणसाने संगणक कधी पाहिला नव्हता. त्याचे नाव फ्रँक पिक.

फ्रँक पिक यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1878 रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात स्पाल्डिंग या लहानशा गावी झाला. वडील कापडाचे दुकानदार. पाच भावंडांत फ्रँक थोरले. यॉर्क येथील शाळेत शिकून ते तेथेच एका वकिलाकडे उमेदवारी करू लागले आणि 1902 साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. पण वकिली त्यांनी केली नाही. त्याच वर्षी ते नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत नोकरीस लागले व तेथे त्यांना आकडेवारीचे काम मिळाले. पुढे तेथील व्यवस्थापक सर जॉर्ज गिब यांचे ते साहाय्यक झाले. 1906 साली गिब लंडनच्या भुयारी रेल्वे कंपनीत गेले, ते पिक यांना बरोबर घेऊनच. चित्रकलेचे कोणतेही शिक्षण या माणसाला नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

त्या वेळच्या लंडनची कल्पना करावी. जमिनीखालून धावणाऱ्या गाड्यांचे अनेक मार्ग आणि त्यांच्या निरनिराळ्या कंपन्या! पिक ज्या कंपनीत आले तिचे तीन नवे मार्ग 1906 व 1907 साली सुरू झाले. त्यांची स्थानके लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाने बाहेरून गडद लाल चकचकीत फरशांनी मढविली होती, त्यामुळे रस्त्यावरून ती ओळखू येत. पण आत उतरले की सगळा गोंधळ. भिंतभर जाहिराती चिकटविलेल्या. त्यांच्या गर्दीत स्थानकाचे नाव कोठे लिहिले आहे ते दिसेना. गाडी थांबे, दारे उघडत आणि परका प्रवासी बावरून इकडे तिकडे पाहत राही. उतारूही अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी मिळाले, आणि 1908 च्या सुमारास कंपनी दिवाळखोरीच्या काठावर येऊन ठेपली.

कंपनीची जाहिरात किती निकृष्ट आहे, यावर पिक सतत टीका करीत. तेव्हाचे व्यवस्थापक अल्बर्ट स्टॅन्ली, जे पुढे लॉर्ड ॲशफील्ड म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी 1908 साली ते काम त्यांच्याच गळ्यात घातले. टीका करणाऱ्यालाच काम द्यावे, ही युक्ती आपल्या प्राध्यापकांनाही ठाऊक आहे!

पिक यांनी पहिली गोष्ट केली ती सफाईची. जाहिरातींना त्यांनी ठराविक चौकटी नेमून दिल्या. त्या चौकटींबाहेर एकही कागद लागता कामा नये. आणि स्थानकाच्या नावाला एक वेगळे रूप मिळाले : लाल भरीव वर्तुळ, त्यावर आडवी निळी पट्टी, पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव. धावत्या गाडीतून हजार कागदांमध्येही ती खूण डोळ्यांत भरे. त्याच वर्षी त्यांनी जॉन हॅसल या चित्रकाराकडून एक भित्तिचित्र करवून घेतले. त्याचा आशय असा, की भुयारी रेल्वेचा नकाशा समोर असला म्हणजे वाट विचारण्यासाठी पोलिसाकडे जावयाची गरज नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. विचारण्याची लाज वाटते म्हणून ज्याचे नुकसान होते, त्याचा विचार कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

रूप एक करावयाचे तर अक्षरही एक हवे. स्थानकांवर तेव्हा ज्याला जे सुचेल ते अक्षर वापरले जाई आणि कंपनीची सूचना कोणती, साबणाची जाहिरात कोणती, हे कळत नसे. 1913 साली पिक यांची एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराशी गाठ पडली. जॉन्स्टन टाकाने, हाताने लिहिणारे. प्राचीन रोमन शिलालेखांवरील अक्षरांचा त्यांचा गाढा अभ्यास. पिक यांना असे अक्षर हवे होते, की ते साधे असावे, दुरून वाचता यावे आणि जाहिरातीच्या अक्षराशी त्याचा घोटाळा होऊ नये. 1916 साली जॉन्स्टन यांनी ते तयार करून दिले. त्यातला गोल अक्षरशः गोल आहे आणि टिंब आहे ते शंकरपाळ्याच्या आकाराचे. पुढे जॉन्स्टन यांनीच त्या लाल वर्तुळाचे कडे केले आणि निळ्या पट्टीशी त्याचे प्रमाण बसविले. ते अक्षर काही सुधारणांसह लंडनमध्ये आजही वापरात आहे.

येथे आमच्या बैठकीतील वादाचे उत्तर मला सापडू लागले. पिक यांनी सगळेच एकसारखे केले असते तर ती स्थानके खरोखर तुरुंग झाली असती. पण तसे झाले नाही. नावाचा फलक, अक्षर, रंग आणि चौकट त्यांनी बांधून टाकली. चौकटीच्या आत मात्र चित्रकाराला मोकळीक दिली. एडवर्ड मॅकनाइट कॉफर हा अमेरिकेतून आलेला तरुण चित्रकार. त्याला त्यांनी 1915 साली काम दिले आणि पुढे त्याने त्यांच्यासाठी शंभराहून अधिक भित्तिचित्रे केली. त्यांतली कित्येक त्या काळच्या सामान्य माणसाला विचित्र वाटावीत अशी होती. ज्यांना चित्रशाळेत जाऊन चित्र पाहणे कधी जमले नसते, त्यांना ती फलाटावर फुकट पाहावयास मिळाली.

1929 साली कंपनीची नवी कचेरी उभी राहिली. तिच्या दर्शनी भागावर जेकब एप्स्टाइन या शिल्पकाराने कोरलेल्या मूर्तींवरून लंडनमध्ये गहजब उडाला. त्या काढून टाकाव्यात अशी मागणी झाली, तेव्हा पिक यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि राजीनामा देऊ केला. शेवटी एका मूर्तीत किरकोळ बदल होऊन शिल्पे जागीच राहिली. नियम करणारा माणूस नियमाच्या आतल्या स्वातंत्र्यासाठी नोकरी पणाला लावतो, हे मला फार मोठे वाटते.

ती कचेरी बांधणारे वास्तुविशारद होते चार्ल्स होल्डन. पिक यांच्या आयुष्यात जॉन्स्टन यांच्याइतकेच त्यांचे स्थान आहे. दक्षिण लंडनमध्ये मॉर्डनपर्यंत वाढविलेला मार्ग 1926 साली सुरू झाला. त्यावरील स्थानकांसाठी जागा मिळाल्या त्या वेड्यावाकड्या. कोठे रस्त्याचा कोपरा, कोठे सरळ ओळ. होल्डन यांनी पांढऱ्या दगडाचा एक दर्शनी भाग योजिला, घडीच्या पडद्यासारखा तीन भागांचा. जागा सरळ असेल तर तो सरळ ठेवावा, कोपरा असेल तर दुमडावा. प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी त्याचा खऱ्या मापाचा नमुना एका प्रदर्शनाच्या मोठ्या दालनात उभा करून पाहिला गेला. रूप एक, पण जागेप्रमाणे वळणारे! आमच्या उपसाइटनाही नेमके हेच हवे होते. इतिहास विभागाला छायाचित्रांची मोठी जागा लागते, अर्थशास्त्राला तक्ते लागतात. थीम त्यांच्यासाठी वळली पाहिजे, मोडता मात्र कामा नये.

1930 साली पिक व होल्डन जर्मनी, हॉलंड, डेन्मार्क व स्वीडन येथील नव्या इमारती पाहून आले. त्यानंतर 1931 साली सडबरी टाउन हे स्थानक उभे राहिले : विटांची साधी, उंच, प्रकाशमान पेटी आणि वर काँक्रीटचे सपाट झाकण. पुढच्या कित्येक स्थानकांना ते नमुना ठरले. पण उघडून थोडेच दिवस झाले असतील, पिक तेथे गेले आणि संतापले. ज्याला जेथे सोयीचे वाटले तेथे त्याने नाणे टाकून वस्तू देणारी यंत्रे आणि इतर सामान आणून ठेवले होते. प्रत्येक वस्तू कामाचीच होती. परंतु कोणीही मूळ आराखड्याचा विचार केला नव्हता. एकरूपता शत्रू मोडत नाही. घरातलीच माणसे, चांगल्या हेतूने, एकेक वस्तू ठेवून ती मोडतात. हा प्रसंग वाचून माझा त्या जांभळ्या पानावरचा राग पुष्कळ निवळला. ते करणाऱ्यालाही आपण काम सोपे करीत आहोत असेच वाटले असणार.

म्हणूनच पिक यांनी सगळा भरवसा केवळ हुकमावर ठेवला नाही. रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी ते स्वतः स्थानकांतून हिंडत. कोठे दिवा गेला आहे, कोठे फलक तिरका आहे, कोठे फाटका कागद लोंबतो आहे, हे पाहून टिपून ठेवीत. हाताखालच्या लोकांना त्यांच्या हिरव्या शाईच्या चिठ्ठ्या जात आणि ती शाई दिसली की भल्याभल्यांना धडकी भरे. स्वभावाने ते लाजरे, एकटे आणि करडे होते. अशा माणसाबरोबर काम करणे सोपे नसणार, हे चरित्र वाचताना जाणवते. त्यांना मूलबाळ नव्हते. काम हाच त्यांचा संसार झाला होता.

1928 साली ते भुयारी रेल्वेच्या संघाचे व्यवस्थापकीय संचालक झाले. 1 जुलै 1933 रोजी लंडनच्या भुयारी गाड्या, बस आणि ट्राम एका मंडळाखाली आल्या. लॉर्ड ॲशफील्ड अध्यक्ष व पिक उपाध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. आता ते कडे आणि ते अक्षर बसच्या थांब्यांवरही गेले. कालपर्यंत जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, त्यांना आता एकच खूण लावावयाची होती! 1938 साली फलक कसे असावेत याचे एक नियमपुस्तकही तयार झाले. आसनांच्या कापडावरील नक्षीसुद्धा ज्यांच्या त्यांच्याकडून न घेता चांगल्या कलावंतांकडून करवून घेतली गेली.

त्याच 1933 सालच्या जानेवारीत हॅरी बेक या आरेखकाचा प्रसिद्ध नकाशा निघाला. बेक यांनी तो 1931 साली काढला होता. अंतरांचे खरे प्रमाण सोडून त्यांनी मार्ग सरळ, आडव्या आणि तिरक्या रेषांत मांडले व प्रत्येकाला एकेक रंग दिला. प्रसिद्धी विभागाने आधी तो नाकारला, पुढे छापला. आणि लोकांनी तो उचलून धरला. ही कल्पना पिक यांची नव्हे. परंतु लोकांची नजर एका रूपाला आधीच सरावली होती, म्हणून तो नकाशा त्यांना परका वाटला नसावा, असे मला वाटते.

मानसन्मान पिक यांनी दूर ठेवले. सर ही पदवी आणि लॉर्डपद, दोन्ही त्यांनी नाकारली. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेसाठी दिलेल्या सल्ल्याबद्दल सोव्हिएत सरकारने दिलेले मानचिन्ह तेवढे त्यांनी स्वीकारले. महायुद्ध जवळ आले तसे लंडनमधील मुलांना व स्त्रियांना शहराबाहेर हलविण्याच्या योजनेत त्यांनी मोठे काम केले. 1940 च्या मे महिन्यात ते मंडळातून निवृत्त झाले. त्यानंतर काही महिने ते माहिती मंत्रालयात होते. तेथे त्यांचे जमले नाही. प्रकृती खालावत चालली होती. 7 नोव्हेंबर 1941 रोजी लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय होते 62. पिकॅडिली सर्कस स्थानकात 2016 साली त्यांचे स्मारक झाले. तेही भिंतीवरच्या अक्षरांचेच, आणि अक्षर अर्थातच जॉन्स्टन यांचे.

चरित्र संपवून मी पुढच्या बैठकीला गेले, तेव्हा पहिल्यांदा मला बोलता आले. मी माझी जांभळ्या पानाची हकिकत सांगितली, आईच्या कर्जासह. मग सडबरीची यंत्रे सांगितली आणि होल्डन यांचा घडीचा पडदा सांगितला. असे ठरले, की बोधचिन्ह, रंग, अक्षर आणि परत मुख्य पानावर जाण्याची वाट ही सर्वत्र एकच राहील व उपसाइटनी ती मुख्य साइटकडून वारशाने घ्यावी. चित्रे, लेख, भित्तिपत्रिका, मांडणी यांत विभागांनी काय हवे ते करावे. दोन विभाग अजून राजी झालेले नाहीत. त्यांचे रंग तसेच आहेत. आणि दर पंधरा दिवसांनी आम्हां पाच जणांपैकी एकाने सगळ्या पानांवरून हिंडून यावयाचे व चुका टिपावयाच्या, असेही ठरले. हिरवी शाई मात्र वापरायची नाही, असे सरांनी हसत बजावले!

आपण आपल्या घराला कोणता रंग द्यावा, हा हक्काचा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. पण कॉलेजची साइट म्हणजे घर नव्हे, ती वाट आहे. आणि वाट तिच्यावरून पहिल्यांदाच चालणाऱ्याची असते. ज्यांच्या घरात आधी दोन-तीन पिढ्या शिकल्या, त्यांना वाट चुकली तरी विचारण्यास कोणीतरी असते. आमच्यासारख्यांना फलकच विचारावा लागतो. फलकाने आज एक रूप आणि उद्या दुसरे रूप दाखविले, तर आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा?

यंदा आमच्या शेजारच्या गावची एक मुलगी प्रथम वर्षाला आली आहे. तीही घरातली पहिलीच. साहाय्य निधीच्या अर्जाची मुदत जवळ आली तेव्हा मी मुद्दाम तिला गाठले, आणि अर्ज कोठे भरावयाचा ते सांगू लागले. तिने तो चार दिवसांपूर्वीच भरला होता. कोणालाही न विचारता.

फ्रँक पिक या न पाहिलेल्या माणसाला माझा नमस्कार.